स्टॉकहोमला, कोपनहेगनच्या दारातून

आईला वासा पाहायचं होतं. 10 ऑगस्ट 1628 रोजी स्टॉकहोमच्या बंदरातून पहिल्याच सफरीला निघालेलं, दीड किलोमीटरही न जाता बुडालेलं आणि 1961 साली जवळजवळ अखंड वर काढलेलं ते लाकडी युद्धजहाज. आईची सगळी नोकरी इतिहास शिकवण्यात गेली आणि हे जहाज तिच्या मनात फार जुनं घर करून होतं. त्यामुळे कुठल्या शहरात जायचं हा प्रश्नच नव्हता. एवढ्या लांबचा विमानप्रवास खिशाला परवडेल आणि तिच्या गुडघ्यांनाही झेपेल असा कसा जुळवायचा, हे मात्र मला बसून सोडवावं लागलं.

शोध सुरू करताना मी एकटं स्टॉकहोम धरलं नाही. स्कँडिनेव्हियात शिरायची तीन मोठी दारं आहेत: कोपनहेगनचं कास्ट्रुप, स्टॉकहोमचं आर्लांडा आणि ओस्लोचं गार्डरमोएन. तिन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, 25 मार्च 2001 पासून. एका दारातून आत गेलं की बाकीच्या दोन शहरांना जायला वेगळा व्हिसा लागत नाही. कोपनहेगन ते स्टॉकहोम थेट रेल्वे आहे, पाच तासांच्या आसपासची. म्हणजे स्टॉकहोमला जाण्यासाठी स्टॉकहोमलाच उतरायला हवं असं नाही. हे एकदा मनाशी पक्कं केल्यावर तिकिटांचे पर्याय एकदम वाढले.

मी एक वही केली आणि प्रत्येक पर्यायापुढे भाडं लिहून थांबायचं नाही असं ठरवलं. भाड्याशेजारी चेक-इन बॅगेचे पैसे, विमानतळावरून शहरात जायचा खर्च, आणि विमान रात्री उशिरा पोहोचत असेल किंवा पहाटे सुटत असेल तर त्यापायी वाढणारा हॉटेलचा मुक्काम. हा शेवटचा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. स्टॉकहोममध्ये हॉटेलची एक रात्र महाग पडते. भाड्यात वाचवलेली रक्कम गैरसोयीच्या वेळेमुळे वाढलेल्या एका मुक्कामात सहज निघून जाते, कधी वर आणखी पैसे घालावे लागतात. मध्यरात्री उतरणारं 'सर्वांत स्वस्त' तिकीट माझ्या वहीत बरेचदा तिसऱ्या-चौथ्या नंबरावर घसरत होतं.

शोधयंत्रं शहराच्या नावाखाली कुठले विमानतळ दाखवतात हेही बारकाईनं पाहावं लागतं. स्टॉकहोमच्या नावाखाली स्काव्स्टा आणि व्हेस्टेरॉस हे विमानतळही येतात, आणि दोन्ही शहरापासून सुमारे शंभर किलोमीटर लांब आहेत. ओस्लोचं टॉर्प तर सांडेफ्योर्ड या गावाजवळ आहे, शंभराहून अधिक किलोमीटरवर. लांब पल्ल्याची विमानं तिथं उतरत नाहीत. पण युरोपातल्या एखाद्या शहरापर्यंत मोठं विमान आणि तिथून पुढे स्वस्त कंपनीचं छोटं विमान अशी जोडणी दिसली की शेवटचा टप्पा कधी कधी अशाच विमानतळावर संपतो.

या जोडणीबद्दल माझं मत ठाम आहे. दोन वेगळ्या बुकिंगची तिकिटं स्वतः जोडून प्रवास करणं तरुण, एकट्या, पाठीवरच्या सॅकवर निघालेल्या माणसाला जमेल. वयस्क माणूस बरोबर असताना मी ते करणार नाही. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी काहीच करायला बांधील नसते. बॅग मधल्या शहरात पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्यावी लागते, त्यासाठी इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागतं आणि त्या देशाचा व्हिसा नसेल तर तिथंच सगळं अडतं. एकाच बुकिंगवर सगळे टप्पे असतील तर जोडविमान चुकल्यावर पुढची व्यवस्था करणं कंपनीचं काम. वहीत अशा जोडणीचे आकडे मोहक दिसत होते, तरी मी ती पानं बाजूला ठेवली.

मग मार्ग. आशियातून नॉर्डिक देशांना जायचं तर हेलसिंकी ही सरळ रेषेतली जागा, असं नकाशावर दिसतं. फिनलंडच्या फिनएअर या विमान कंपनीनं आपला आशियाचा व्यवसाय त्याच भूगोलावर उभा केला होता. फेब्रुवारी 2022 नंतर रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास सुमारे तेरा तासांवर गेला. इंधन वाढलं, कर्मचाऱ्यांचे तास वाढले, विमान दिवसभर अडकून पडू लागलं. गंमत म्हणजे याच प्रदेशानं उत्तर ध्रुवावरून उडण्याची वाट प्रवाशांना खुली केली होती. एसएएस या स्कँडिनेव्हियन कंपनीनं नोव्हेंबर 1954 मध्ये कोपनहेगन ते लॉस एंजेलिस आणि फेब्रुवारी 1957 मध्ये कोपनहेगन ते टोकियो ही ध्रुवीय मार्गाची सेवा सुरू केली. तेव्हाही आडवं येणारं सोव्हिएत आकाश टाळणं हाच टोकियोच्या वाटेमागचा हेतू होता. स्वस्त तिकीट शोधताना हे सगळं आठवायची गरज नसते, पण एखादा मार्ग महाग का आणि दुसरा स्वस्त का हे कळलं की आकड्यांकडे पाहायची नजर बदलते. इस्तंबूल, दोहा, दुबई इथून जाणारे पर्याय माझ्या वहीत पुढे सरकत होते, कारण या तिन्ही केंद्रांच्या कंपन्या कोपनहेगन, स्टॉकहोम आणि ओस्लो या तिन्ही शहरांना विमानं नेतात.

तिन्ही शहरांना एकच कंपनी जात असेल तर आणखी एक सोय मिळते: एका शहरात उतरायचं आणि परतीचं विमान दुसऱ्या शहरातून घ्यायचं. शोधताना 'मल्टी-सिटी' निवडायचं. दोन सुटी एकेरी तिकिटं घ्यायची नाहीत, कारण लांब पल्ल्याच्या मोठ्या कंपन्या एकेरी तिकीट बरेचदा परतीच्या तिकिटाइतकंच, कधी जास्तही महाग ठेवतात. मल्टी-सिटीत मात्र साधारणपणे दोन परतीच्या तिकिटांचा अर्धा-अर्धा हिशोब लागतो. कोपनहेगनचं अर्धं आणि स्टॉकहोमचं अर्धं मिळून जे भाडं आलं, ते स्टॉकहोमच्या साध्या परतीच्या तिकिटापेक्षा कमी होतं. कास्ट्रुप हा नॉर्डिक देशांतला सगळ्यात वर्दळीचा विमानतळ. जिथं कंपन्या जास्त, तिथं भाड्यांची ओढाताणही जास्त.

परतीसाठी आर्लांडा निवडण्यामागे आणखी एक कारण होतं, ते म्हणजे कर. स्वीडननं 1 एप्रिल 2018 रोजी विमानप्रवासावर कर बसवला होता, दूरच्या देशांसाठी तो सुरुवातीला प्रवाशामागे 400 क्रोना होता. 1 जुलै 2025 पासून स्वीडननं तो रद्द केला. नेमक्या त्याच वर्षी, 1 जानेवारी 2025 पासून, डेन्मार्कनं स्वतःचा प्रवासी कर सुरू केला. हे कर त्या देशातून निघणाऱ्या प्रवाशाला लागतात, येणाऱ्याला नाही. म्हणजे डेन्मार्कमध्ये उतरायचं आणि स्वीडनमधून निघायचं, हा क्रम उलट केला असता तर तिकिटातल्या करांच्या ओळी वाढल्या असत्या. तिकिटाची फोड उघडून वाचायची सवय मला यातूनच लागली.

तारखांचं म्हणाल तर आम्ही सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा धरला. स्टॉकहोम जवळपास 59 अंश उत्तरेला आहे. जूनमध्ये तिथं दिवस साडेअठरा तासांचा, डिसेंबरात जेमतेम सहा तासांचा. हिवाळ्यात भाडं सर्वांत खाली येतं, हे खरं. पण चार दिवसांसाठी गेलेल्या माणसाला दुपारी तीनच्या सुमारास अंधार पडलेला परवडत नाही. जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातला मिडसमर हा स्वीडनचा मोठा सण, त्या शुक्रवारी-शनिवारी शहर गावाकडे निघून जातं आणि बरीच दुकानं, हॉटेलं बंद असतात. नॉर्वेला जायचं असेल तर 17 मे, तिथला राष्ट्रीय दिन, असाच लक्षात ठेवावा. सप्टेंबरच्या शेवटी मात्र दिवस-रात्र जवळपास सारखी असते, शाळा सुरू झालेल्या असतात, उन्हाळी गर्दी ओसरलेली असते. भाड्यांच्या कॅलेंडरवर ऑगस्टचा मधला भाग संपला की आकडे पायरी उतरल्यासारखे खाली येताना दिसतात. आठवड्याच्या मधले दिवस धरले की आणखी थोडे.

हॉटेलांच्या बाबतीत हा हिशोब उलटा निघाला. स्टॉकहोमची मध्यवर्ती हॉटेलं मोठ्या प्रमाणात कामानिमित्त येणाऱ्यांवर चालतात, त्यामुळे मंगळवार-बुधवारची रात्र महाग आणि शुक्रवार ते रविवार तुलनेनं स्वस्त. विमान आठवड्याच्या मध्ये आणि मुक्काम शनिवार-रविवार धरून, अशी सांगड घालायला बसल्यावर काही संध्याकाळी त्यातच गेल्या. मला ते काम मनापासून आवडलं, हेही सांगते.

आता व्हिसा, कारण स्वस्त तिकिटाची खरी कसोटी इथं लागते. ज्यांच्या पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो त्यांच्यापुढे एक पेच असतो. स्वस्त तिकीट परत करता येत नाही, व्हिसा मिळेल की नाही याची खात्री नाही, आणि व्हिसा मिळेपर्यंत थांबावं तर भाडं वाढतं. यावर मी उलटीकडून सुरुवात केली. तिकीट घेण्याआधी व्हिसा केंद्रात अपॉइंटमेंट कधीची मिळते ते पाहिलं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, क्वचित पंचेचाळीस दिवसही लागू शकतात. मोसमात अपॉइंटमेंटच आठवडेच्या आठवडे मिळत नाही. तेव्हा आधी अपॉइंटमेंट, त्यावरून प्रवासाची सगळ्यात अलीकडची शक्य तारीख, आणि मग त्या तारखेपुढची भाडी, असा क्रम लावला. अर्जासाठी पैसे भरलेलं तिकीटच लागतं असं नाही, परतीच्या प्रवासाचं आरक्षण दाखवता येतं. हॉटेलं मोफत रद्द करता येतील अशी घेतली. तिकिटात मी जरा वरचा, थोडं शुल्क कापून पैसे परत देणारा भाडेप्रकार घेतला. तो सर्वांत स्वस्त प्रकारापेक्षा महाग होता, पण फरक बुडीत तिकिटाच्या भीतीपेक्षा खूप लहान होता. दोघींचा व्हिसा होईपर्यंत रात्री शांत झोप लागली ती त्यामुळेच.

अर्ज कुणाकडे करायचा, यावर आमच्या घरी बरीच चर्चा झाली. आई म्हणाली, "अगं, पहिल्यांदा उतरणार तर डेन्मार्कला ना? मग अर्ज त्यांच्याकडेच." सगळ्यांची हीच समजूत असते. नियम असा आहे की ज्या देशात मुक्काम सर्वाधिक, त्याच्याकडे अर्ज करायचा. मुक्काम सगळीकडे सारखाच असेल तरच पहिल्या प्रवेशाचा देश. आमचा कोपनहेगनला एकच मुक्काम होता आणि बाकीचे सगळे स्टॉकहोमला, म्हणून अर्ज स्वीडनकडे. हॉटेलांच्या आरक्षणावरून हे स्पष्ट दिसायला हवं, तारखा कुठेही एकमेकींवर चढता कामा नयेत. शुल्क 11 जून 2024 पासून प्रौढांसाठी 90 युरो आहे, सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी 45, त्याहून लहानांना माफ. प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रात चालणारा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध हवा आणि दहा वर्षांच्या आत दिलेला हवा. हे शुल्क आणि विमा मी वहीत भाड्याच्या शेजारीच लिहिले होते, कारण दोन माणसांचे मिळून ते काही थोडे होत नाहीत.

मधला थांबा निवडताना बहुतेक जण वेळ बघतात. मी इमिग्रेशन कुठे होणार ते पाहिलं. फ्रँकफुर्ट, म्युनिक किंवा अ‍ॅमस्टरडॅममार्गे गेलं तर शेंगेनमधला प्रवेश तिथंच होतो, म्हणजे पुढचं विमान पकडायच्या धांदलीत पासपोर्टची रांग. इस्तंबूल किंवा आखाती शहरातून गेलं तर मधल्या थांब्यावर फक्त सुरक्षा तपासणी, आणि इमिग्रेशन थेट कोपनहेगनला, जिथं मागे कुठलंच विमान लागलेलं नाही. आईला रांगेत उभं राहताना घड्याळाकडे पाहावं लागू नये, एवढ्यासाठीच मी दुसरा पर्याय घेतला. आमच्या प्रवासानंतर, 12 ऑक्टोबर 2025 पासून, युरोपात सीमेवर डिजिटल नोंदणीची नवी पद्धत सुरू झाली आहे. तीत प्रवाशाचा चेहरा टिपून प्रवेश आणि निर्गमनाची नोंद संगणकात होते, पासपोर्टवरच्या शिक्क्याची जागा ही पद्धत घेते. आता कुणी युरोपीय शहरातून जोडविमान घेत असेल तर थांब्याचा वेळ मोकळ्या हातानं ठेवावा, असं मी आवर्जून सांगेन.

गुडघ्यांचा प्रश्न असणाऱ्यांसाठी एक फार चांगली सोय आहे आणि ती वापरायला लोक संकोचतात. युरोपीय संघाच्या विमानतळांवर चालायला त्रास असलेल्या प्रवाशाला मोफत मदत मिळते, तसा नियमच आहे, 2006 सालचा. फक्त निदान 48 तास आधी विमान कंपनीला कळवायचं. व्हीलचेअरच्या विचारानंच आई आधी खट्टू झाली. "मी काही आजारी नाही," असं म्हणाली. पण आर्लांडासारख्या लांबच लांब विमानतळावर चालण्यातच दमून गेली तर पुढचा दिवस वाया जाणार, हे पटल्यावर तिनं होकार दिला. दाराशी माणूस उभा होता, त्यानं तिला आदरानं नेलं, आणि तिनं वाटेत त्याला त्याच्या गावाबद्दल विचारून घेतलं.

सामानाचं थोडक्यात. लांब पल्ल्याच्या तिकिटांतही आता फक्त हातातल्या बॅगेचे भाडेप्रकार असतात. ते स्वस्त दिसतात, पण मागाहून बॅग जोडली तर बुकिंगच्या वेळेपेक्षा महाग पडते. आम्ही दोघींत मिळून एक मोठी बॅग आधीच घेतली. सप्टेंबरअखेरीला वारा बोचरा असतो, त्यामुळे एकावर एक घालता येतील असे पातळ थर आणि पाऊस-वारा अडवणारं जाकीट.

एकाच बुकिंगचं आणखी एक मोल परतीच्या वाटेवर असतं. युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटणाऱ्या प्रवासाला, कंपनी कुठल्याही देशाची असली तरी, नुकसानभरपाईचा नियम लागू होतो. 3500 किलोमीटरहून लांबच्या प्रवासात कंपनीच्या कारणानं फार उशीर झाला किंवा ऐनवेळी विमान रद्द झालं तर ती रक्कम 600 युरोंपर्यंत जाते. सगळे टप्पे एकाच बुकिंगवर असतील तर शेवटच्या ठिकाणी पोहोचायला किती उशीर झाला ते मोजलं जातं. येताना हा नियम फक्त युरोपीय कंपन्यांना लागतो. आम्हाला तो वापरावा लागला नाही. तरी नियम माहीत असला की काउंटरवर उभं राहून शांतपणे बोलता येतं.

कोपनहेगनला आम्ही दुपारी उतरलो. कास्ट्रुपहून मेट्रो थेट शहरात जाते, चालकाविना चालणारी, दिवसरात्र सुरू, आणि पाव तासात नोरेपोर्ट या मध्यवर्ती स्थानकात सोडते. टॅक्सीचा विचारही करावा लागला नाही. म्हणूनच पहिलं दार म्हणून मला कास्ट्रुप इतकं आवडतं. हॉटेलही मेट्रोच्या त्याच मार्गावरचं घेतलं होतं. संध्याकाळी आम्ही रुंडेटॉर्नला गेलो, 1642 मध्ये पूर्ण झालेला गोल वेधशाळेचा बुरूज. त्याला जवळजवळ शेवटपर्यंत पायऱ्याच नाहीत, रुंद चढण गोल गोल फिरत वर जाते. आई सावकाश, थांबत थांबत, पण आनंदानं चढली. बंदरातल्या पिवळ्या बोटी म्हणजे शहराच्या बससेवेचाच भाग. त्यांना बसचं साधं तिकीट चालतं. पर्यटकांच्या बोटीचे पैसे आम्ही तिथं वाचवले.

दुसऱ्या दिवशीची रेल्वे मी विमानाच्या तिकिटानंतर लगेच काढून ठेवली होती. स्वीडिश रेल्वेची भाडी विमानासारखीच वर-खाली होतात, लवकर काढलं तर अगदी माफक. गाडी कोपनहेगनहून निघून कास्ट्रुपला थांबते आणि मग डेन्मार्क आणि स्वीडनमधली ओरेसुंड ही सामुद्रधुनी ओलांडते: आधी पाण्याखालचा बोगदा, मग पेबरहोल्म नावाचं माणसानं बांधलेलं बेट, मग जवळपास आठ किलोमीटरचा पूल. जुलै 2000 मध्ये हा रस्ता खुला होण्याआधी इथं फेरीबोटी लागत. आई खिडकीला नाक लावून बसली होती. पलीकडे स्वीडनच्या बाजूला पोलीस डब्यात आले आणि पासपोर्ट पाहून गेले. शेंगेनच्या आतली सीमा असली तरी तिथं तपासणी होऊ शकते, म्हणून पासपोर्ट बॅगेच्या तळाशी ठेवू नये. पुढे लुंड, लिनशॉपिंग, नॉरशॉपिंग, तळी, बर्चची झाडं आणि लाल लाकडी घरं. विमानानं थेट उतरलो असतो तर देशाचा हा सगळा लांबवर पसरलेला भाग आम्ही पाहिलाच नसता. स्वस्त पडलं म्हणून घेतलेली ही वाट आम्हा दोघींना सगळ्या प्रवासात सगळ्यात जास्त आवडली.

स्टॉकहोममध्ये पहिलं काम म्हणजे 72 तासांचा वाहतूक पास. भुयारी रेल्वे, बस, ट्राम आणि स्लुसेनहून युरगॉर्डेन बेटाला जाणारी फेरीबोटसुद्धा त्यावर चालते. भुयारी रेल्वेची शंभर स्थानकं आहेत आणि त्यांतल्या नव्वदहून अधिक स्थानकांत कलाकृती आहेत. ते पाहायला पासाव्यतिरिक्त काहीच पैसे पडत नाहीत. टी-सेंट्रालेनच्या निळ्या मार्गावर खडकाच्या पांढऱ्या छतावर चढलेल्या निळ्या वेली 1975 च्या. आई फलाटावरच्या बाकावर बसून गाड्या सोडत राहिली, घाई कशाला म्हणाली. रोख पैसे आम्ही बदलून घेतलेच नव्हते आणि त्यांची गरज कुठेही पडली नाही. कार्ड टेकवताना यंत्र कधी आपल्या चलनात रक्कम दाखवतं, तेव्हा नेहमी स्थानिक चलनच निवडायचं, नाहीतर दर पडेल तो घ्यावा लागतो. मुख्य जेवण दुपारीच उरकायचं हेही ठरलेलं होतं. कामाच्या दिवशी साधारण अकरा ते दोन बऱ्याच उपाहारगृहांत ठरावीक दराचं दिवसाचं जेवण मिळतं, सॅलड, ब्रेड आणि कॉफी त्यातच. रात्री तेच जेवण बरंच महाग पडतं. नळाचं पाणी उत्तम, त्यामुळे बाटल्या विकत घ्यायच्या नाहीत.

वासाचं संग्रहालय युरगॉर्डेनवरच आहे, तिथं आम्ही फेरीबोटीनंच गेलो. आत प्रकाश मंद ठेवलेला असतो, लाकडाला जपण्यासाठी. समोर एकदम ती अवाढव्य काळपट बाजू येते, तोफांच्या झरोक्यांच्या दोन रांगा घेऊन. जहाज वर जड होतं, वारा आला, ते कललं आणि खालच्या उघड्या झरोक्यांतून पाणी शिरलं. आईनं हे मला अनेकदा सांगितलं होतं, तिथं उभं राहून पुन्हा सांगितलं. बाल्टिक समुद्राचं पाणी कमी खारट असल्यामुळे लाकूड पोखरणारा किडा तिथं तग धरत नाही, म्हणून जहाज टिकलं. मूळ लाकूड 98 टक्के आहे. बाहेर काढल्यावर ते सुकून तडकू नये म्हणून त्यावर सतरा वर्षं रसायनाचा फवारा मारत राहिले. आई सगळे मजले फिरली, बसत, उठत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं का असं विचारू लागली. तिकीट काढून आम्ही पुन्हा गेलो. ते पैसे वहीत कुठल्याच रकान्यात नव्हते आणि मला ते खर्च करताना अतिशय आनंद झाला.

परतीला आर्लांडा. शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटर. जलद रेल्वे अठरा-वीस मिनिटांत पोहोचवते, पण ती फार महाग आहे. लोकल गाडीही थेट विमानतळाखाली जाते, तिला स्थानकात उतरण्या-चढण्याचं वेगळं शुल्क पडतं. तिसरी वाट आम्ही घेतली: लोकलनं मार्स्टापर्यंत आणि तिथून 583 क्रमांकाची बस विमानतळावर. हे सगळं शहराच्या साध्या पासावर होतं, पास संपायच्या आत निघालं की झालं. वेळ जास्त लागतो, तासाभराहून थोडा अधिक धरावा, पण लोकलला सरकते जिने आणि लिफ्ट आहेत आणि बसची पायरी खाली असते, त्यामुळे बॅग आणि गुडघे दोन्ही नीट गेले. ओस्लोला जाणाऱ्यांना हाच हिशोब तिथं लागतो. गार्डरमोएनहून विमानतळाची खास गाडी आणि साधी प्रादेशिक गाडी यांच्या वेळेत फरक थोड्याच मिनिटांचा आहे आणि भाड्यात मात्र जवळपास दुपटीचा.

मदतीचं आधी कळवलेलं असल्यामुळे आर्लांडाच्या पाच क्रमांकाच्या टर्मिनलवर आईसाठी खुर्ची तयार होती. बॅग वजनात बसली, बोर्डिंग पास दोन्ही टप्प्यांचे एकदमच मिळाले. सुरक्षा तपासणी झाल्यावर हातात भरपूर वेळ होता. आईनं माझी वही मागून घेतली आणि ओस्लोच्या पानावर बोट ठेवून विचारलं, इथली भाडी कुठल्या महिन्यात उतरतात.